कोबीचं कुपन कोण छापणार?

न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर हे शहर न्यूयॉर्क शहरापासून मोटारीने पाच-सहा तासांवर, ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी वसलेलं आहे. वाणसामानाच्या कुपनांचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्याला या गावी दोनदा यावं लागेल. 16 मे 1939 रोजी अमेरिकेच्या सरकारने गरिबांना अन्नासाठी तिकिटं, म्हणजे फूड स्टॅम्प, पहिल्यांदा दिली ती इथे. आणि 1996 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल या बड्या कंपनीने ‘आता कुपनं बंद, त्याऐवजी भाव कमी’ हा प्रयोग करून पाहिला तो रॉचेस्टर, बफलो आणि सिराक्यूज या तीन शहरांच्या परिसरात. पहिल्या प्रयोगातून पुढे देशभराची योजना उभी राहिली. दुसरा लोकांनी सव्वा वर्षाच्या आसपास गुंडाळायला लावला.

या गावात माझ्या बायकोची मावशी राहते. मूळची बार्शीची, लग्न होऊन 1979 मध्ये इकडे आली. नव्वदच्या दशकात यजमानांची नोकरी गेली तेव्हा मावशीने हातात कात्री घेतली, ती अजून खाली ठेवलेली नाही. माझी बायको इथल्याच एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. तिच्याकडे येणाऱ्यांत मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण जास्त, आणि त्यातले बरेच सरकारी मदतीवर घर चालवणारे. दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे, पण कुपनांचा विषय निघाला की मध्ये कुणी पडू नये. मी पडत नाही. ऐकतो, आणि खाली ते ऐकलेलंच जरा निवडून-पाखडून मांडलं आहे.

ज्यांनी अमेरिकन कुपन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच: रविवारच्या वर्तमानपत्रात एक गुळगुळीत रंगीत पुरवणी यायची, अजूनही थोडीफार येते. ‘अमक्या सीरियलचे दोन डबे घ्या, एक डॉलर सूट.’ ते कापून दुकानात द्यायचं. दुकानदार तेवढे पैसे बिलातून वजा करतो, कागद गोळा करून पुढे पाठवतो, आणि कंपनी त्याला ती रक्कम अधिक हाताळणीचे साधारण आठ सेंट देते. तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं असतं: रोख किंमत एक सेंटचा शंभरावा भाग. काही राज्यांच्या जुन्या कायद्यांपायी कागदाला काहीतरी किंमत लावावी लागते, म्हणून ही. सूट दुकान देत नाही, कंपनी देते, हे लक्षात ठेवलं की पुढचं भांडण कळायला सोपं जातं.

भाची : मावशी, तुझ्या त्या फाइलमधून मला एक कुपन काढून दाखव. पालकाचं. नाहीतर गाजराचं.

मावशी : पालकाचं कुपन नसतं गं.

भाची : तेच म्हणतेय मी. 2014 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोघा संशोधकांनी सहा मोठ्या किराणा-साखळ्यांची एक हजार छप्पन ऑनलाइन कुपनं तपासली. पंचवीस टक्के कशावर, तर चिप्स, गोळ्या-चॉकलेटं, केक. चौदा टक्के तयार जेवणांवर, बारा टक्के पेयांवर. भाज्यांवर तीन टक्के. फळांवर एक टक्कासुद्धा नाही! आणि पेयं म्हणजे काय? त्यातली निम्म्याहून अधिक सोडा, ज्यूस आणि खेळाडूंसाठी म्हणून विकतात ती साखरेची पाणी.

मावशी : मग? मी कधी म्हटलं की कुपनांवर जेवा म्हणून? माझी फाइल बघ. टूथपेस्ट, भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, टॉयलेट पेपर. हे काही मी खात नाही. पण महिन्याच्या खर्चात ते असतंच. कुपन आणि सेल एकत्र जुळला की टूथपेस्ट जवळजवळ फुकट पडते. त्यातून जे सुटतात ते पैसे भाजीला. तू विचारतेस पालकाचं कुपन कुठंय. हे बघ, हे साबणाचं कुपन म्हणजेच माझं पालकाचं कुपन.

(इथे मी मनातल्या मनात मावशीला एक गुण दिला. संशोधकांनी मोजलं ते छापलेलं कुपन. वाचलेला डॉलर घरात कुठे जातो हे कोणत्याही फाइलीत दिसत नाही.)

भाची : तुझ्याकडे ते होतं, कारण तू हिशेबी आहेस. बाकीच्यांचं काय होतं ते मी रोज बघते. कुपन सांगतं दोन डबे घ्या. बाई एक डबा घ्यायला गेलेली असते, तिला तोही नको असतो कदाचित. पण डॉलर सुटतोय म्हटल्यावर दोन घेते. घरात आलेला डबा पोरं संपवतातच. पहिलं गाजलेलं कुपन कशाचं होतं माहितेय? कोका-कोलाचं. एकोणिसावं शतक संपत असताना त्यांनी फुकट ग्लासाची चिठ्ठी वाटली. सवय लागावी म्हणून. आजही कुपन नव्या वस्तूवर निघतं ते त्याच कारणासाठी.

मावशी : सवय लागेल तर ती माणसाची चूक की कागदाची?

भाची : ज्याने कागद छापला त्याची!

मावशी : अगं, हजारो कुपनं छापतात तेव्हा त्यातली किती वापरली जातात?

भाची : शंभरात एखादं.

मावशी : म्हणजे नव्व्याण्णव लोक फेकून देतात. एवढी जर त्या कागदात जादू असती तर फेकले असते का? फेकणारे मूर्ख, वापरणारे मूर्ख, मग शहाणं कोण? तू?

भाची : मी मूर्ख कुणालाच म्हटलं नाही. ते नव्व्याण्णव फेकतात म्हणून तर तुझ्या एकीचं कुपन कंपनीला परवडतं. चक्रवर्ती नरसिंहन नावाचे एक अभ्यासक आहेत, त्यांनी 1984 मध्येच हे गणित मांडलं. एकच वस्तू दोन भावांत विकायची. ज्याच्याकडे वेळ आहे आणि पैशाची ओढ आहे त्याला स्वस्त, आणि ज्याला कापत बसायला वेळ नाही त्याला महाग. कुपन म्हणजे ही निवड करायची चाळणी. आता माझ्याकडे येणारी बाई बघ. सकाळी नर्सिंग होममध्ये साफसफाई, संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी कॅशियर, दोन बसेस बदलून घर. पैशाची ओढ तिला तुझ्याहून जास्त आहे, पण वेळ? ती या चाळणीत वरच राहते. गरीब असून महागाच्या बाजूला.

मावशी जरा थांबली. तिला हे पटलं होतं, पण पटलं असं म्हणणं तिच्या स्वभावात नाही. तिने विषय 1996 कडे नेला. रॉचेस्टरमधल्या त्या पिढीचं हे ‘आम्ही तेव्हा होतो’ प्रकरण आहे.

मावशी : तुझे नरसिंहन बरोबर असतील. पण प्रॉक्टर अँड गॅम्बलने इथे येऊन हेच सांगितलं होतं. म्हणे शंभरातली दोनसुद्धा कुपनं वापरली जात नाहीत, छपाई वाया जाते, त्यापेक्षा सगळ्यांनाच भाव कमी करतो. ऐकायला किती न्यायाचं! पण पाठोपाठ इतर कंपन्यांचीही कुपनं आटली. लोक रस्त्यावर आले, सह्या गोळा झाल्या, सुनावण्या झाल्या. मीही सही केली होती. शेवटी 1997 च्या एप्रिलमध्ये त्यांनी कुपनं परत आणली. राज्याच्या ॲटर्नी जनरलने त्या सगळ्या कंपन्यांना संगनमताचा प्रश्न विचारला, तेव्हा तडजोड झाली बेचाळीस लाख डॉलरची. आणि ती भरपाई कशात मिळाली सांगू?

भाची : कुपनांत.

मावशी : कुपनांत! (हसते.) हसतेस काय? आम्हाला ती हवीच होती. अगं, कंपनी म्हणते भाव कमी करीन, ते तिच्या मनावर. आज करील, उद्या नाही. कुपन माझ्या हातात असतं. त्यावर तारीख असते, आकडा असतो. गरिबाला भरवसा कागदाचा वाटतो, शब्दाचा नाही.

भाची : तो कागदही आता गेलाच की.

मावशी : तेवढं मात्र खरं बोललीस. आता सगळं फोनवर. ॲप उघडा, ‘क्लिप’ करा, नंबर टाका. परवा फ्लायरमध्ये कोंबडी स्वस्त म्हणून गेले, तर काउंटरवरची पोरगी म्हणते, डिजिटल कुपन घेतलंय का. शेल्फावर ठळक भाव तोच लावलेला! शेजारच्या आजीबाईंकडे तर स्मार्टफोनच नाही. त्यांनी काय करायचं?

भाची : सॅन डिएगो शहराने 2025 मध्ये यावर नियम केला. डिजिटल सूट असेल तर छापील पर्यायही ठेवा म्हणून.

मावशी : बघ. म्हणजे त्या शहराला कळलं.

या मुद्द्यावर दोघींचं एकमत झालं आणि ते मिनिटभर टिकलं. मग मावशीने आपला हुकमी एक्का काढला. गेल्या कित्येक वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यातले स्वल्पविरामही मला पाठ आहेत.

मावशी : आणि हे चांगलं खाणं महाग, चांगलं खाणं महाग काय लावलंय तुम्ही लोकांनी? मसूर घे. चवळी घे, इथे ती ब्लॅक-आइड पीज म्हणून प्रत्येक दुकानात मिळते. कोबी, गाजर, कांदा, बटाटा. मार्चमध्ये सेंट पॅट्रिकचा सण आला की दुकानं कोबी पाण्याच्या भावाने काढतात, कुपनाबिपनाची गरज नाही. कोबीची भाजी, चवळीची उसळ, भात. चार माणसं जेवतात आणि चिप्सच्या दोन पिशव्यांएवढाही खर्च होत नाही.

भाची : महाग की स्वस्त हे तू काय मोजतेस त्यावर आहे. अमेरिकेच्या शेतीखात्याने 2012 मध्ये यावर एक अहवाल काढला होता. वजनावर मोजलं, एका वाढणीवर मोजलं, तर भाज्या स्वस्त पडतात. कॅलरीवर मोजलं तर महाग. आता दोन डॉलर हातात असलेली बाई काय मोजते? पोरांची पोटं मोजते. एका डॉलरच्या चिप्स-बिस्किटांत जेवढी कॅलरी मिळते तेवढी कोबीतून मिळवायची तर कोबी हातगाडीवर आणावा लागेल.

मावशी : चवळीतून मिळते की.

भाची : मिळते. डाळी-कडधान्यांबद्दल तुझं शंभर टक्के बरोबर आहे. पण ताटात नुसती चवळी नसते, नसावीही. 2013 मध्ये हार्वर्डच्या लोकांनी दहा देशांतली माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा सगळ्यात चांगला आहार आणि सगळ्यात वाईट आहार यांत माणशी दिवसाला दीड डॉलरचा फरक निघाला.

मावशी : दीड डॉलर! एवढंच? एक कॉफी येत नाही त्यात.

भाची : तुझ्यासाठी एवढंच. वर्षाला माणशी साडेपाचशे, चार माणसांना बावीसशे. सरकारी मदत सरासरी माणशी दिवसाला सहा डॉलरच्या आसपास असते. त्या सहातले दीड.

आकड्यांची गंमत अशी की दोघी एकाच आकड्याकडे बघून उलट्या दिशांना गेल्या. मला वाटतं दोघींनाही हक्क होता. दीड डॉलर हा मध्यमवर्गाला लाजवणारा आकडा आहे आणि गरिबाला अडवणारा.

भाची : अजून एक सांगते. 2019 मध्ये इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीस माणसांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं, घरी शिजवल्यासारखं. हवं तेवढं खा. कारखान्यातलं खाणं होतं तेव्हा ती माणसं दिवसाला पाचशे कॅलरी जास्त खात होती, भूक तीच असताना. आता खर्च ऐक. दिवसाला दोन हजार कॅलरींच्या हिशेबाने आठवड्याचं कारखान्यातलं सामान एकशेसहा डॉलर, आणि साधं सामान एकशेएक्कावन्न.

मावशी : त्यात काय-काय होतं? सामन मासा, बेरी, बदाम?

भाची : तसलंही होतं.

मावशी : मग मसूर घालून परत करा म्हणावं. हे डॉक्टर लोक ‘चांगलं खाणं’ म्हणाले की त्यांच्या डोळ्यांसमोर सामन आणि ब्लूबेरी येते. गरिबाचं चांगलं खाणं कसं असतं ते त्यांनी बघितलेलंच नसतं. इथल्या काळ्या आज्या कोलार्ड आणि चवळी शिजवतात, प्युर्तो रिकोच्या बायका भात आणि राजम्यासारखे ते दाणे. त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. तू त्यांना बिचारं-बिचारं करू नकोस. त्या तुझ्याहून चांगला हिशेब करतात.

भाची : मी बिचारं करत नाहीये. मी तुला विचारते, तुझी चवळी शिजते कशात?

मावशी : कुकरमध्ये. तीन शिट्ट्या.

भाची : आणि ज्या घरात कुकर नाही? भाड्याच्या खोलीत एक शेगडी, तीही घरमालकाने दुरुस्त न केलेली? चवळी रात्री भिजवायची, सकाळी तास-सव्वा तास उकळत ठेवायची. भांड्याजवळ कुणीतरी घरी लागतं. तुझ्या हिशेबात चवळी आहे, चवळी शिजवणारी बाई फुकट धरली आहेस. ते एकशेसहा आणि एकशेएक्कावन्न डॉलरसुद्धा नुसत्या सामानाचे, शिजवणाऱ्याचा वेळ त्यात नाही.

मावशी गप्प बसली. हा मुद्दा तिला झोंबला असावा, कारण तिच्या घरातली चवळी शिजवणारी बाई ती स्वतः, आणि तिचे तास आजवर कुणी मोजलेले नाहीत, तिने स्वतःही नाही. भाचीला हे बोलल्यावर कळलं असावं. तिने आवाज खाली आणला.

भाची : म्हणून मी म्हणते की कंपन्यांच्या कुपनांकडून काही होणार नाही. कोबीला कंपनी नाही. शेतकऱ्याचा कोबी, शेजाऱ्याचा कोबी, सगळा एकच. तुझ्या कोबीवर सूट दिली आणि गिऱ्हाइकाने दुसऱ्याचा कोबी घेतला, तर छापणाऱ्याला काय मिळालं? नफाही इतका बारीक की छपाई सुटत नाही. ज्याला कंपनी नाही त्याचं कुपन सरकारनेच काढायला हवं. आणि हे इथेच झालंय मावशी, तुझ्या गावात, 1939 मध्ये.

मावशी : ती नारिंगी आणि निळी तिकिटं. म्युझियममध्ये पाहिलीत मी.

भाची : हो. घरचा जेवणाचा नेहमीचा खर्च असेल तेवढी नारिंगी तिकिटं विकत घ्यायची. एका डॉलरच्या नारिंगीवर पन्नास सेंटची निळी फुकट. नारिंगीवर कुठलंही अन्न मिळायचं. निळ्यावर फक्त सरकारने ठरवलेलं: लोणी, अंडी, सुके घेवडे, कणीक, मक्याचं पीठ, सुके प्रून, संत्री, ग्रेपफ्रूट. बघ यादी! याच्यात चिप्स आहेत का?

मावशी : यादी चांगली आहे. पण ती का तशी होती?

भाची : पौष्टिक म्हणून...

मावशी : नाही. शेतकऱ्याकडे ते पडून होतं म्हणून. भाव कोसळले होते, माल सडत होता, आणि इथे शहरात लोक उपाशी. दोन्हीकडचं एकदम मिटवलं. चांगली युक्ती, मी नाव ठेवत नाही. पण निळं तिकीट भुकेल्याच्या तब्येतीसाठी निघालं नव्हतं, गोदाम रिकामं करायला निघालं होतं. संत्र्याच्या जागी दुसरं काही पडून असतं तर यादीत ते आलं असतं.

भाची : तुला हे इतकं कसं माहीत?

मावशी : खाल्लंय मी ते. बहात्तरच्या दुष्काळात बार्शीला रेशनवर काय यायचं? मिलो. अमेरिकेची लाल ज्वारी. इथे ती जनावरांना घालतात हे मला इथे आल्यावर कळलं. भाकरी थापायला गेलं की चिरायची, चव लागायची नाही, आणि आजोबा ताटावरून उठायचे. पण ती होती म्हणून जगलो, हेही खरंच. तेव्हा मदत म्हणजे ज्याच्याकडे जास्त झालंय त्याने द्यायचं, आणि ज्याला मिळतंय त्याने तोंड वाकडं करायचं नाही.

भाची : आणि गंमत बघ, 1939 च्या योजनेचा पहिला प्रमुख कोण? मिलो पर्किन्स.

मावशी : चल, काहीतरीच!

भाची : अगं खरंच. नावच आहे त्याचं.

मावशी : म्हणजे मिलो माझ्या आधी इथे होताच.

(ही योजना 1943 मध्ये बंद पडली, कारण युद्धामुळे ना जादा धान्य उरलं ना बेकारी. 1961 मध्ये केनेडींनी ती पुन्हा प्रायोगिक सुरू केली, 1964 मध्ये कायदा झाला. पुढे रंगीत तिकिटं जाऊन प्लास्टिकचं कार्ड आलं आणि 2008 पासून तिचं सरकारी नाव ‘स्नॅप’. निळ्या तिकिटासारखं बंधन मात्र परत आलं नाही.)

भाची : आता मात्र तब्येतीसाठीच निघालेली कुपनं आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये 2011-12 मध्ये सरकारने प्रयोग केला. कार्डावर एक डॉलरची फळं-भाजी घेतली की तीस सेंट परत कार्डात. डिट्रॉइटमध्ये 2009 पासून ‘डबल अप’ म्हणून योजना निघाली, ती आता बऱ्याच राज्यांत आहे. कार्डावर जेवढ्याची भाजी घ्याल तेवढ्याचीच आणखी फुकट. इथल्या पब्लिक मार्केटमध्येही कार्ड दाखवून टोकन घेता येतात आणि थेट शेतकऱ्याकडून भाजी घेता येते.

मावशी : मला माहितीय. शनिवारी मी तिथेच असते. दुपारी बाजार उठायच्या वेळी जायचं, शेतकरी परत न्यायच्या ऐवजी पेटीच देतो. तुझ्या त्या तीस सेंटांनी झालं काय पण?

भाची : लोक दिवसाला पाव कप भाजी-फळं जास्त खायला लागले. म्हणजे सव्वीस टक्के वाढ.

मावशी : पाव कप! एवढा सरकारी खटाटोप आणि पाव कप?

भाची : मावशी, लोकांच्या खाण्यात एवढा फरक पाडणारा उपाय मी तरी दुसरा पाहिलेला नाही. आम्ही तक्ते लावतो, चित्रं लावतो, व्याख्यानं देतो. त्याने पाव चमचासुद्धा वाढत नाही.

मावशी : पाव कप म्हणजे कोशिंबिरीचा एक डाव. आमच्याकडे पाहुण्याला सुद्धा तेवढी वाढून मोकळं होत नाहीत.

मला विचाराल तर इथे मावशी हरली, आणि तिला ते कळलं नाही. तिच्या साबणाच्या कुपनातून किती पाव कप भाजी गावात वाढली, हे विचारायला हवं होतं. तिच्या घरात वाढली, एवढंच त्याचं उत्तर आहे. दुसऱ्याच्या घरात वाढवायची तर कुणाच्या तरी खिशातून भाजीवरच पैसे ठेवावे लागतात, आणि भाजीवर पैसे ठेवण्यात ज्याचा फायदा आहे असं बाजारात कुणी नाही. पण भाचीही पूर्ण जिंकली नव्हती. तीस सेंट मिळाले तरी पालक धुवायचा, चिरायचा, परतायचा असतोच.

भाची : आणि वेडेपणा किती ते बघ. या स्नॅपच्या कार्डावर गरम जेवण घेता येत नाही. तीच भाजलेली कोंबडी गरम काउंटरवर असली तर चालत नाही, थंड करून फ्रीजमध्ये ठेवली की चालते. साबण नाही, भांडी नाहीत. सोडा मात्र वर्षानुवर्षं सगळीकडे चालत आला.

मावशी : कुकर?

भाची : अन्न नाही ना ते. नाही चालत.

मावशी : म्हणजे चवळी द्यायची आणि ती शिजवायचं भांडं द्यायचं नाही.

भाची : बियाणं चालतं. 1973 पासून. ज्याला खायचं पीक येतं ते बी, ते रोप, कार्डावर घेता येतं. किती जणांना माहीत आहे कुणास ठाऊक. माझ्या रुग्णांपैकी एकालाही नव्हतं.

मावशी : मेथी?

भाची : मेथी मसाल्यात येते, ती तशीही चालेल.

मावशी : मूठभर मेथीदाणे खिडकीत डब्यात पेरले की पंधरा-वीस दिवसांत भाजी. बर्फ पडत असला तरी. हे सांगत नाहीस का तू त्या बायकांना?

भाची : मी सांगितलं तर त्यांना तो आणखी एक तक्ता वाटतो. तू ये ना. दर महिन्याला आम्ही दवाखान्यात स्वयंपाक करून दाखवतो. मोठ्या खोलीत, वीस-पंचवीस बायका असतात.

मावशी : शेगडी आहे का?

भाची : एक हॉटप्लेट आहे.

मावशी : मग मसूर. भिजवावी लागत नाही, अर्ध्या तासात होते. त्यात तोच पालक, डब्यातला टोमॅटो, त्याचं कुपन येतं अधूनमधून. पण एक सांगते, तू ते कप आणि टक्के बोलायचं नाहीस.

भाची : आणि तू कुपनांचं बोलायचं नाहीस.

मावशी : ते मी बोलणार. साबणाचं तरी बोलणार. त्यांच्या कार्डावर साबण चालत नाही म्हणालीस ना आत्ता? मग साबणाला रोख पैसे लागतात त्यांना. तिथेच तर कात्री चालवायची.

भाची : त्यांच्याकडे पेपर येत नाही मावशी.

मावशी : माझा देईन. शेजारच्या आजीबाईंचाही मागून ठेवते.